कानातला नाद
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



आपलं भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. माझं लहानपण त्या ठोकठोकीतच गेलं. आता रात्री निजलो की कानात 'चिंऽऽ' चालू होतं. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात.

शेजारीपाजारी मायेनं सांगतात, "काका, लसणाचं तेल टाका." पण कानाच्या पडद्याला छिद्र असलं तर तेलानं उलट त्रास वाढतो. हा नाद हमखास घालवणारा झाडपाला अजून सिद्ध झालेला नाही. मला उपयोग होतो तो पंख्याच्या मंद आवाजाचा. निव्वळ शांततेत नाद जास्त जाणवतो. मळ असेल तर डॉक्टरांकडून काढावा, काडी घालू नये. अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आतल्या कानातल्या नाजूक पेशी मोठ्या आवाजानं एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. म्हणून कान जपणं हाच खरा नैसर्गिक उपाय. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. पंचविशीच्या निमित्तानं एवढंच मागतो: यंदा गणपतीत डीजे नको, भजन होऊ द्या. आपल्या पोट्ट्यांचे कान शाबूत राहू द्या.