विद्यार्थ्यांचा रविवार आणि राजकारणाची आवड
(साखरा येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या कार्यकारिणीने मला ‘विद्यार्थी आणि राजकारण’ असा विषय दिला होता. मी त्यात ‘रविवार’ हा एक शब्द वाढवून मागितला आणि अध्यक्षांनी तो मोठ्या मनाने मान्य केला. सोमवार ते शुक्रवार मुलगा वर्गात असतो, एस.टी.त असतो, परीक्षेच्या धास्तीत असतो. त्याला राजकारणात खरोखर किती रस आहे आणि तो रस कोणत्या प्रतीचा आहे, हे शनिवार-रविवारी दिसते. साखऱ्याची मुले सेनगावला, हिंगोलीला शिकतात, काही नांदेडला आणि औरंगाबादला म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आहेत. ती सुट्टीला गावी येतात तेव्हा काय करतात, हे आपण सारे जण पाहतोच.

मित्रहो, हा रविवार आपल्याला आयता मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. कामगाराला विश्रांती मिळावी आणि आपल्या समाजासाठीही काही करता यावे, अशी त्या मागणीमागची भूमिका होती. आम्हा बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला तो १ सप्टेंबर २०१५ पासून. तोही मागून मागून मिळाला. सुट्टी हीसुद्धा चळवळीची मिळकत आहे, म्हणून तिचा हिशोब विचारण्याचा समाजाला थोडाफार अधिकार आहे असे मी मानतो.

आता हिशोबाकडे वळू. सोयाबीनच्या दिवसांत आपल्या मुलांना रविवार नसतोच. काढणी आली की बी.ए. असो की बी.एस्सी., विळा हातात घ्यावाच लागतो. त्यानंतर तूर, मग हळद शिजवणे. त्याबद्दल कोणालाही बोल लावता येणार नाही. मुलींच्या बाबतीत तर बारा महिने तेच. आठवडाभराचे धुणे, जात्यावरचे नसले तरी गिरणीवरचे दळण, लहान भावंडे, आणि त्यातून वेळ उरला तर पुस्तक. मुलांचा रविवार वाया जातो म्हणून भाषणे होतात. मुलींना तो मिळतच नाही, यावर मी अजून एकही भाषण ऐकलेले नाही. समोर बसलेल्या आयांनी राग मानू नये, पण हा विषय व्यासपीठावरून सुटणारा नाही, तो घरातूनच सुटेल.

ज्यांना वेळ मिळतो त्यांचे काय? कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस असतो, त्याच्या फलकावर खालच्या रांगेत आपला टिकलीएवढा फोटो यावा म्हणून वर्गणी जमते. सभा असली की मोटारसायकलची टाकी भरून मिळते, गळ्यात रुमाल पडतो, दुपारी जेवण होते. संध्याकाळी मोबाईलवर स्टेटस ठेवले जाते. विचारले तर मुलगा अभिमानाने सांगतो, मी राजकारणात आहे. माझ्या मते तो राजकारणात नसतो, तो गर्दीत असतो. गर्दीची मोजणी होते, तिचे मत कोणी विचारत नाही.

हे पाहून घरातली वडीलधारी मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. ‘बाबा, तू राजकारणात पडू नकोस, शिक आणि नोकरीला लाग.’ आणि आधाराला बाबासाहेबांचे नाव घेतात. त्याबाबतीत खरे काय घडले ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. सुरुवातीचे काही महिने मित्रमंडळी, खेळ, नवे शहर यांत त्यांचेही गेले, असे चरित्रकार सांगतात. मग त्यांनी स्वतःला बजावले आणि ते अभ्यासाला बसले ते बसलेच. पुढे लाला लजपतराय न्यूयॉर्कला आले आणि तेथील हिंदी विद्यार्थ्यांना आपल्या चळवळीत ओढू लागले. बाबासाहेबांनी नकार दिला. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आपण आलो आहोत, विद्यार्थिदशेत दुसरे काम करायचे नाही असे वचन आहे, ही त्यांची भूमिका होती.

येथवर वडीलधाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण याच विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी कोलंबियात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यापेक्षा मोठे राजकारण त्या दिवशी न्यूयॉर्कमधला कोणता हिंदी माणूस करीत होता? नंतर लंडनला शिकत असताना विद्यार्थी संघात त्यांनी जबाबदार राज्यपद्धतीवर जो निबंध वाचला, त्यातील विचार तेथील प्राध्यापकांना क्रांतिकारक वाटले. म्हणजे त्यांनी मिरवणूक नाकारली, विषय नाकारला नाही. दुसऱ्याच्या कामाला लागणे वेगळे आणि आपल्या प्रश्नावर अभ्यास करून उभे राहणे वेगळे.

पुढे त्यांनी महाविद्यालये काढली तेव्हाही विद्यार्थ्यांना राजकारणापासून झाकून ठेवले नाही. १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. जानेवारी १९५० मध्ये, ते देशाचे कायदेमंत्री असताना, त्यांनी त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले. दिल्लीच्या संसदेत ज्या विधेयकावर वादळ चालले होते, ते त्यांनी विद्यार्थ्यांपुढे मांडले. विद्यार्थ्यांना हे कळणार नाही, असे त्यांना वाटले नाही.

त्याच वर्षी आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, त्यांनी जे महाविद्यालय सुरू केले ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाला आले. १ सप्टेंबर १९५१ रोजी त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. मिलिंद हा ग्रीक राजा, आणि भिक्खू नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारणे ही त्याची ओळख. ज्या प्रदेशात आपल्या माणसाने मान वर करून बोलायचे नाही अशी रीत होती, त्या प्रदेशातल्या महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले गेले. परिसराला नाव दिले नागसेनवन. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या खेड्यांतली मुले तेथील वसतिगृहात आली, ज्यांच्या घरात अक्षर नव्हते. तेथे शिकवणारे प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी १९६७-६८ च्या सुमारास ‘अस्मितादर्श’ उभे केले, आणि खेड्यातल्या मुलांना आपण लिहू शकतो याचा शोध लागला. हेही राजकारणच होते, फक्त त्याला फलक नव्हता.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांची परंपरा त्याहून जुनी आहे. १९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणू दिले जात नाही म्हणून औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी निजामाशी झुंज दिली. अनेकांची नावे काढून टाकली गेली आणि त्यांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरे केले. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थीच पुढे होते, आणि आपल्या शेजारच्या वसमतला गोळीबार झाला.

आणि नामांतर. समोर बसलेल्या मुलांपैकी एकाचाही जन्म तेव्हा झालेला नव्हता, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ठराव झाला मुंबईत, आणि घरे जळाली खेड्यांत. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत, आणि आपला हिंगोली भाग तेव्हा परभणीतच होता, फार मोठे अत्याचार झाले. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे, सुगावचे जनार्दन मवाडे यांचे प्राण गेले. पोचीराम कांबळे विद्यापीठात शिकणारे नव्हते. विद्यापीठाच्या नावासाठी खेड्यातला माणूस मेला, याचा अर्थ ज्या विद्यार्थ्याला समजला नाही त्याने पदवी घेऊन काय करायचे? ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. तुरुंग भरले. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

१९७८ ते १९९४, म्हणजे जवळजवळ सोळा वर्षे. त्या काळात जो मुलगा अठराव्या वर्षी आंदोलनात उतरला तो चौतिशीत गेला. काहींच्या परीक्षा बुडाल्या, खटले चालले, नोकरीचे वय निघून गेले. आपण दरवर्षी १४ जानेवारीला फुले वाहतो ती योग्यच आहेत. पण ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले अशा त्या वेळच्या विद्यार्थ्यांची चौकशी समाजाने फारशी केली नाही, हे मला बोचते. आज एखादा पुढारी मुलांना ‘परीक्षा गेली खड्ड्यात, तुम्ही रस्त्यावर या’ म्हणतो, तेव्हा त्याला विचारा, तुमची मुले कोठे शिकतात?

काही विद्यार्थी म्हणतील, आम्हाला राजकारणाशी कर्तव्य नाही, आम्ही बँकेची परीक्षा देणार. उत्तम. मी बँकेत कारकून आहे, म्हणून बँकेचेच सांगतो. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पण १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाला ‘बौद्ध’ म्हणून केंद्राच्या सवलती नव्हत्या. महाराष्ट्र राज्याने सवलती दिल्या, केंद्राने दिल्या नाहीत. कित्येकांना कागदावर जुनी जात ठेवावी लागली, आणि घरात बुद्धाची तसबीर. चौतीस वर्षे हे चालले. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला तेव्हा बौद्ध अनुसूचित जातीच्या यादीत आले. ही दुरुस्ती मोर्चांनी, निवेदनांनी, मतांनी झाली. राजकारणाशी कर्तव्य नाही म्हणणाऱ्याच्या अर्जावरील जातीचा रकाना राजकारणानेच भरलेला असतो.

मग रविवारी काय करावे? मी मोठमोठी कामे सांगणार नाही.

वयाचे सांगतो. अठराव्या वर्षी मत देता येते. २८ मार्च १९८९ पूर्वी ते एकविसाव्या वर्षी होते. एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला आणि पंचविसाव्या वर्षी विधानसभेला उभे राहता येते. आता सतरा वर्षे पूर्ण झालेल्यालाही नमुना सहा आगाऊ भरता येतो. या सभागृहातले किती जण मतदार यादीत आहेत? हात वर करायला सांगत नाही, लाज कोणाला वाटायची ते आधीच ठाऊक आहे.

गावची ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. घरकुलाची यादी तेथे वाचली जाते, पाणीपुरवठ्याचा, आपल्या वस्तीच्या रस्त्याचा खर्च तेथे मांडला जातो. महाविद्यालयात राज्यशास्त्राचे पुस्तक वाचणारा मुलगा त्या वेळी पारावर मोबाईल पाहत असेल तर ते पुस्तक रद्दीत घालावे. ग्रामसभेत बसा, इतिवृत्त मागा, एक प्रश्न विचारा. पहिल्या वेळी आवाज कापेल. कापू द्या. १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या आपल्या आज्या-आजोबांना सातबारा वाचता येत नव्हता, तरी त्यांनी जमीन मागितली. तुम्हाला तो वाचता येतो.

शिष्यवृत्तीचे काम तर माझ्या टेबलावरचे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असताना सुरू झाली. आज अर्ज महाडीबीटीवर भरतात आणि पैसे अडले की मुले सरकारला शिव्या देतात. कधी त्या योग्यही असतात. पण पुष्कळदा अडचण खात्यात असते. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणे आणि अनुदान जमा होण्यासाठी ते खाते एनपीसीआयकडे जोडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन खाती असली तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि मुलगा दुसऱ्याच खात्याचे पासबुक भरून घेत बसतो. दोन वर्षे व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते. एवढे माहीत असलेला एक विद्यार्थी वस्तीत असला तर दहा घरांचा त्रास वाचतो.

पक्ष कोणता, हे मी सांगणार नाही. आपल्या चळवळीचे किती गट झाले हे मोजायला बँकेचे यंत्र लागेल, त्यात आणखी एकाची भर नको. जो पक्ष आवडेल त्याचा जाहीरनामा मात्र वाचा, आणि समोरच्याचाही वाचा. जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या तरुणांनी डी.जे.चा खर्च आणि अभ्यासिकेचा खर्च एकाच कागदावर लिहून विहारात लावावा, म्हणजे चर्चा आपोआप होईल.

कार्यकारिणीने मान्य केले आहे की येत्या रविवारपासून सकाळी आठ ते अकरा विहार विद्यार्थ्यांसाठी उघडे राहील. पहिला तास वृत्तपत्रवाचन आणि त्यावर वाद, पुढे शिष्यवृत्तीचे व मतदार नोंदणीचे अर्ज. मुलींनी यावे म्हणून वेळ सकाळची ठेवली आहे. त्या दिवशीचे पाणी भावाने भरावे, असे मी सुचवले आहे आणि ठराव एकमताने झाला आहे. येताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि पासबुक आणावे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीही मी गावातच असतो.

माझे भाषण लांबले, अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिले आहे.