वाचकाचा वेळ आणि समाजमाध्यमे

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत समाजमाध्यमांचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ग्रंथालय आणि समाजमाध्यमे या दोहोंचा व्यवहार एकाच भांडवलावर चालतो. ते भांडवल म्हणजे वाचकाचा वेळ. त्याचा विनियोग मात्र दोन्ही ठिकाणी अगदी निरनिराळ्या रीतीने होतो.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. वर्गीकरण, तालिका, कपाटांची रचना हा सारा खटाटोप त्यासाठीच असतो. त्याच्याही आधी, १९१० च्या सुमारास, सयाजीराव महाराजांनी बडोद्यात अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि संस्थानातील खेडोपाडी फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या जाऊ लागल्या. त्या पेटीतील पुस्तके मोजकी असत. ती वाचून संपत. हवे ते मिळाले की वाचकाने तृप्त होऊन घरी जावे, यातच ग्रंथालयाचे साफल्य असते.

समाजमाध्यमांचे गणित याच्या उलट आहे. ती वापरण्यास पैसे पडत नाहीत. त्यांतील बहुतेकांचे उत्पन्न जाहिरातींवर चालते. दृष्टी जितका काळ पडद्यावर खिळेल, तितक्या जाहिराती अधिक दिसतात. २००६ साली अझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने पृष्ठ कधी संपूच नये अशी सरकत्या पडद्याची युक्ती योजली. पुढे तिच्या परिणामांबद्दल त्याने स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. २००९ साली फेसबुकवर पसंतीचा अंगठा आला. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला की कबुतर अधिक चिकाटीने चोच मारत राहते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्रयोगांनी दाखवले होते. अंगठा केव्हा उमटेल याचाही नेम नसतो. म्हणून फोन सुटत नाही याचा सारा दोष मनोनिग्रहाच्या अभावाला देणे न्याय्य नाही. पुस्तकाला शेवटचे पान असते. या माध्यमातून ते काढून टाकलेले आहे. ते परत बसवणे हीच निरोगी सवयीची पहिली पायरी होय.

प्रश्न केवळ वाया जाणाऱ्या वेळेचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांचा बळी घेतला. ते भिक्षेवर गुजराण करणारे, भटक्या समाजातील निरपराध लोक होते. अशा अफवा तेव्हा फोनवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी २०२० साली ती एकावर आणली. यंत्राने एवढेच करावे. संदेश पुढे पाठवावा की नाही, याचा निर्णय अखेर माणसाच्या बोटालाच घ्यावा लागतो.

तथापि या माध्यमांशी संबंधच तोडावा, असा उपदेश मराठी मुलखाबाहेरच्या मराठी माणसाला मानवणारा नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील अनेक घरांतली मुले अन्य भाषेच्या माध्यमातून शिकतात. दूरच्या आजीने फोनवर पाठवलेली गोष्ट कित्येकदा त्यांच्या कानावर पडणारे दिवसातले एकमेव सलग मराठी असते. बेळगावातील व्याख्यान गोव्यातील श्रोत्याला घरबसल्या ऐकता येते. हे लाभ टाकण्याजोगे नाहीत. त्यांना शिस्त हवी, आणि ती शिस्त ग्रंथालयाच्या नित्य व्यवहारातच सापडते.

ग्रंथालयाला उघडण्याची व बंद होण्याची वेळ असते. तशी वेळ फोनलाही ठरवून द्यावी. सूचनांची घंटी बंद ठेवावी आणि रात्री फोन उशापासून दूर असावा. दिवसाकाठी किती वेळ गेला हे २०१८ पासून बहुतेक फोन स्वतःच दाखवू लागले आहेत; तो आकडा आठवड्यातून एकदा तरी पाहावा. वाचक हव्या त्या पुस्तकाचे नाव मनाशी धरून ग्रंथालयाची पायरी चढतो. फोन उघडतानाही कशासाठी उघडला हे ठाऊक असावे आणि ते काम होताच तो मिटावा. पुस्तकावर लेखक, प्रकाशक आणि साल छापलेले असते. ज्या संदेशाला कर्ता, स्थळ आणि तारीख नाही, तो पुढे धाडू नये. शंका आल्यास मूळ बातमी शोधावी. ग्रंथपाल निरुपयोगी ग्रंथ वेळोवेळी बाद करतो. मनात केवळ मत्सर किंवा क्षोभ उत्पन्न करणारे समूह त्याच निर्विकारपणे सोडता यावेत.

शेवटची सवय देण्याची. इतरांचे दहा संदेश पुढे ढकलण्यापेक्षा नुकत्याच वाचलेल्या पुस्तकावर स्वतःच्या शब्दांत दहा ओळी लिहिणे कितीतरी मोलाचे. लिहिण्यासाठी विचार करावा लागतो आणि वाचणाऱ्याच्या हाती एका पुस्तकाचे नाव पडते. शताब्दी वर्षात ग्रंथालयाने सभासदांचा असा एक समूह सुरू करावा. त्यावर दिवसाला एकच टिपण यावे, त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव असावे आणि ते पुस्तक कपाटात कोठे मिळेल तो क्रमांकही असावा. टिपण वाचून एखादा सभासद फोन खिशात टाकून ग्रंथालयाकडे वळला, तर डॉ. रंगनाथन यांच्या चौथ्या सूत्राचे पालन झाले असे समाधानाने म्हणता येईल.