भुयारी गटारें : न खणतां दुरुस्ती

प्रत्येक शहराचे दोन भाग असतात. एक डोळ्यांस दिसणारा व दुसरा पायांखालचा. दिसणाऱ्या भागाची निगा राखण्यास पुष्कळजण पुढें येतात. रस्त्यावरचा दिवा लागला नाहीं तर दुसऱ्याच दिवशीं तक्रार होते. पायांखालच्या भागाची आठवण मात्र तो बिघडल्यावांचून कोणास होत नाहीं. मैलापाणी अंगणांत आलें किंवा भर रस्त्याला भगदाड पडून त्यांत एखादी मोटार रुतली, म्हणजे नागरिकांस कळतें कीं, आपल्या खालीं नळांचें एक जाळें आहे व तें जीर्ण झालें आहे.

हीं गटारें जीर्ण कशीं होतात, तें प्रथम पाहूं. मैलापाणी सडूं लागलें म्हणजे त्यांतून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायु निघतो. गटाराच्या माथ्यावरील ओलाव्यांत राहणारे सूक्ष्म जंतु त्यापासून गंधकाम्ल तयार करतात, आणि तें अम्ल सिमेंटच्या नळाचा माथा आंतून खात जातें. दुसरें कारण झाडांचीं मुळें. सांध्यांतून पाझरणाऱ्या ओलाव्याच्या मागानें केसासारखें बारीक मूळ आंत शिरतें, व पुढें त्याचा जुडगा होऊन पाण्याची वाट अडते. तिसरें कारण सर्वांत कपटी आहे. फुटलेल्या सांध्यांतून जमिनींतील पाणी आंत येतांना आपल्याबरोबर माती आणतें. ती माती वाहून जाते, नळाभोंवतीं पोकळी होते, आणि ती वाढत वाढत रस्त्याच्या थराखालीं आली म्हणजे वरचें ओझें न पेलून रस्ता खचतो. रस्ता आज खचला असें लोक म्हणतात. वस्तुतः तो कित्येक वर्षें आंतून खचत होता.

यावर जुना उपाय एकच : रस्ता खणावा, नळ काढावा, नवा घालावा व चर बुजवावा. परंतु दाट वस्तींत हा उपाय रोगापेक्षां जड होतो. महिनोंमहिने वाहतूक बंद राहते, दुकानदाराचें गिऱ्हाईक तुटतें, रुग्णवाहिकेस वळसा घ्यावा लागतो. त्याच चरांत पिण्याच्या पाण्याचे नळ व विजेच्या तारा असतात, त्यांना धक्का लागतो. आणि खोल चराच्या कडा ढांसळून मजूर गाडले जाण्याचें भय असतें तें वेगळेंच.

या अडचणींतून वाट निघाली ती लंडन शहरांत. १९७१ सालीं एरिक वुड या इंग्रज संशोधकानें त्या शहराच्या हॅकनी भागांतील सुमारें शंभर वर्षांच्या, विटांच्या, अंड्याच्या आकाराच्या एका गटाराला आंतून अस्तर लावलें. लांबी फार नव्हती, अवघी सुमारें ७० मीटर. पण रस्ता न खणतां जुन्या नळाच्या पोटांत नवा नळ तयार झाला. वीस वर्षांनीं, १९९१ सालीं, त्या अस्तराचा तुकडा काढून तपासला, तेव्हां तें चांगल्या स्थितींत आढळलें.

आज रूढ असलेली रीत अशी. प्रथम मैलापाणी पंपानें दुसरीकडे वळवितात, जोरदार फवाऱ्यानें नळ धुतात आणि चाकांवरचा कॅमेरा आंत फिरवून दोष पाहतात. मग नमद्यासारख्या जाड कापडाची, नळाच्या मापाची लांब पिशवी राळेसारख्या चिकट रसायनांत भिजवितात. तें रसायन वाटेंतच घट्ट होऊं नये म्हणून पिशवी थंड ठेवून आणतात. सदऱ्याची बाही ओढून काढतांना जशी उलटी होते, तशी ही पिशवी मॅनहोलमधून पाण्याच्या दाबानें उलटी करीत नळांत सरकवितात. त्यामुळें ओली बाजू जुन्या भिंतीस चिकटते. नंतर गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाश यांनीं तें रसायन कठीण करतात. शेवटीं घरोघरचे जोडनळ ज्या ठिकाणीं झांकले गेले, तेथें कॅमेऱ्याच्या साह्यानें यंत्राकडून भोकें पाडवितात. नळाचा व्यास थोडा घटतो. पण नवें अस्तर गुळगुळीत असल्यामुळें पाण्याचा प्रवाह बहुधा मंदावत नाहीं.

नळ अगदींच लहान पडत असेल, तर दुसरी युक्ति आहे. शंकूच्या आकाराचें पोलादी डोकें जुन्या नळांतून ओढतात. तें जुना नळ फोडून त्याचे तुकडे भोंवतालच्या मातींत दाबतें, आणि त्याच्या मागोमाग प्लॅस्टिकचा अखंड नवा नळ आंत येतो. हा नवा नळ जुन्याहून मोठाही घालतां येतो. मात्र शेजारीं दुसरे नळ अगदीं जवळ असतील तर त्यांस इजा होऊं शकते.

सर्व रोगांवर एकच मात्रा चालत नाहीं, तसेंच हें आहे. नळ पार कोसळला असेल तर अस्तर लावणार कशाला? नळाचा उतारच चुकला असेल तर अस्तरहि त्याच चुकीच्या उतारानें बसतें. अशा वेळीं कुदळीस पर्याय नाहीं. शिवाय कांहीं रसायनांचा उग्र वास घरांत शिरूं नये, म्हणून रहिवाशांस आधीं सूचना देणें व मोऱ्यांचे सापळे पाण्यानें भरलेले ठेवणें अवश्य असतें.

दिल्ली व मुंबई येथील जुन्या मलवाहिन्यांच्या दुरुस्तींत अशा पद्धतींचा अवलंब झालेला आहे. आपल्या देशांत या विद्येचें महत्त्व केवळ रस्ता वांचतो एवढ्यानें मोजूं नये. ज्या वायूनें नळाचा माथा झिजतो, त्याच वायूनें गटारांत उतरलेला माणूस क्षणांत बेशुद्ध पडतो. आणि त्यास वर काढण्यास उतरणारा दुसराहि बहुधा परत येत नाहीं. संरक्षक साधनांवांचून माणसास अशा कामासाठीं गटारांत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें आहे. अशा मृत्यूबद्दल वारसांस ३० लाख रुपये द्यावेत, असें २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. तरीहि माणसें उतरत आहेत व मरत आहेत.

जेथें कॅमेरा जाऊं शकतो तेथें माणूस कां जावा, हा प्रश्न प्रत्येक नगरपालिकेस तिच्या नागरिकांनीं विचारला पाहिजे. गटार तुंबल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां ठराविक काळानें त्याची तपासणी करणें स्वस्त पडतें. आणि रस्ता खचण्यापूर्वींच नळ दुरुस्त झाला, तर त्याची बातमी वर्तमानपत्रांत येत नाहीं, इतकेंच. अशा न छापल्या जाणाऱ्या कामासाठीं अंदाजपत्रकांत पैसा राखून ठेवण्याचा आग्रह मतदारानेंच धरावयाचा असतो.