वेशीवर कोण बसलंय?

(नगरला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे, थोडी काटछाट करून.)



मला विषय दिलाय तो असा, की ब्राउझर कोणता वापरावा आणि इंटरनेटवरच्या पाळतीपासून कसं वाचावं. मघाशी एक पोरगा म्हणाला, दादा, नुसती नावं सांगा, आम्ही डाउनलोड करून घेतो. नावं सांगणार आहेच. पण आधी मला सांगा, आपल्यावर पाळत कधीपासून आहे? मोबाइल आल्यापासून? नाय.

आपला पणजा येसकर होता. गावाच्या वेशीवर बसायचा. कोण आलं, कोण गेलं ते पाटलाला सांगायचा. चोराचा माग काढायचा. गावावर नजर ठेवायला डोळे आपले, राज्य पाटलाचं, आणि मजुरी म्हणून शिळी भाकरी. १९५८ च्या कायद्यानं ते वतन गेलं. पालावरच्या पारध्याला तर इंग्रजांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १८७१ पासूनच्या त्या कायद्यांत नाव नोंदलेल्या माणसाला हजेरी द्यावी लागायची, परगावी जायचं तर परवानगी. १९५२ साली कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही पहिली पालावरच जाते.

आणि बाबासाहेब? महाराष्ट्र शासनानं १९८२ साली आपल्या चळवळीच्या इतिहासाची साधनं छापली. त्यात पोलिसांच्या गुप्त अहवालांतले उतारे आहेत. सभेला किती माणसं होती, कोण काय बोललं, सगळं टिपलेलं. आपली माणसं भाषण ऐकत होती, तेव्हा मागच्या रांगेत बसून एक जण लिहीत होता. तो आता मागच्या रांगेत बसत नाही. तुमच्या खिशात बसतो. आणि रिचार्ज तुम्हीच मारता.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो ब्राउझरचा नाही. तुम्हाला कोणापासून वाचायचंय? पाळत ठेवणारे तीन आहेत. बाजार, सरकार आणि गाव. तिघांना एकच कुलूप चालत नाही.

बाजारापासून सुरू करतो, तो सोपा आहे. तुम्ही साइट उघडली की ती तुमच्या फोनवर एक चिठ्ठी ठेवते. तिला कुकी म्हणतात. आपली स्वतःची चिठ्ठी असेल तर एक वेळ ठीक. पण त्याच पानावर जाहिरातवाल्यांच्या चिठ्ठ्या असतात, आणि त्या तुमच्यामागे दुसऱ्या साइटवर, तिसऱ्या साइटवर येतात. चिठ्ठी पुसली तरी स्क्रीन केवढा, भाषा कोणती, फोन कोणता, एवढ्यावरूनही माग निघतो. येसकर पावलांवरून काढायचा तसाच. आपण बहुतेक जण क्रोम वापरतो, कारण तो फोनमध्ये आधीच बसवलेला असतो. क्रोम गुगलचा. गुगलचं पोट भरतं जाहिरातीवर. मांजराला दुधाची राखण दिल्यासारखं आहे ते.

त्यापेक्षा फायरफॉक्स घ्या. मोझिला नावाच्या ना-नफा संस्थेचा आहे. तोही धुतल्या तांदळासारखा नाही, मोझिलाची मोठी कमाई गुगलशी केलेल्या सर्चच्या करारातूनच येते. पण अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन बसतं, फुकट. ते जाहिराती आणि मागावरचे हेर अडवतं, आणि डेटाही वाचतो. फोनच्या क्रोमवर असली जोड बसवताच येत नाही. ब्रेव्ह नावाचा दुसरा एक आहे, तो हे काम आपणहून करतो, पण त्याच्या कंपनीचाही जाहिरातीचा धंदा आहे हे माहीत असू द्या. सर्चसाठी डकडकगो ठेवा. आणि ते इन्कॉग्निटो! त्यानं फक्त तुमच्या फोनवरचा इतिहास राहत नाही. साइटला, नेट कंपनीला तुम्ही दिसताच.

आता सरकार. १८८५ साली इंग्रजांनी तार-कायदा केला, आणि संदेश अडवायचा अधिकार सरकारकडे ठेवला. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा आला. अधिकार तिथंच. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखानं सांगितलं, खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. पुढं २०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात सरकारनं स्वतःच्या संस्थांना सूट द्यायची सोय करून घेतली. म्हंजे कुलूपही त्यांचं, किल्लीही त्यांची.

इथून पुण्याच्या रस्त्याला लागा, वाटेत कोरेगाव भीमा लागतं. १ जानेवारी २०१८ नंतर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या खटल्यातले रोना विल्सन. त्यांच्या लॅपटॉपमध्ये कटाची पत्रं सापडली असं पोलीस म्हणाले. बचावपक्षानं लॅपटॉपची नक्कल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगकडं तपासायला दिली. २०२१ साली अहवाल आला, की २०१६ च्या जूनमध्ये ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून एक ईमेल आली, जोडलेली फाइल उघडली गेली, आणि त्या वाटेनं नेटवायर नावाचा हेर आत शिरला. पत्रं त्यानंच एका लपवलेल्या फोल्डरात ठेवली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही त्याच संस्थेचा तसाच अहवाल आहे. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. पण आपल्यापुरता धडा घ्या. पूर्वी हेर तुमचं वाचून न्यायचा, आता तो तुमच्या घरात लिहूनही ठेवू शकतो.

आनंद तेलतुंबडे बाबासाहेबांच्या नातीचे पती. २०१९ साली त्यांना कळवण्यात आलं की तुमचा फोन पेगाससचं लक्ष्य होता. पेगासस इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं, आणि कंपनी म्हणते आम्ही फक्त सरकारांना विकतो. १४ एप्रिल २०२० ला, ऐन जयंतीच्या दिवशी, त्यांना स्वाधीन व्हावं लागलं.

असल्या हत्यारापुढं ब्राउझर काय करणार? काही नाही. खोटा धीर देत नाही. पेगासस तुम्ही काही न दाबताही आत येऊ शकतं. पण नेटवायर फाइल उघडल्यावर आला. तेव्हा आपल्या माणसाकडून जरी फाइल आली, तरी आधी फोन करून विचारा, तू पाठवलीस का? फोनचे अपडेट टाळू नका, भोकं त्यांतूनच बुजतात. पॅटर्न नको, सहा आकड्यांपेक्षा लांब पिन ठेवा.

टोर ब्राउझरही घ्या, पण कामापुरता. तुमची मागणी तो जगभरच्या तीन संगणकांतून फिरवतो. पहिल्याला कळतं तुम्ही कोण, शेवटच्याला कळतं कुठं चाललात, दोन्ही एकाला कळत नाही. हळू चालतो. आणि टोर उघडून स्वतःच्याच नावानं फेसबुकात शिरलात, तर तोंडाला फडकं बांधून छातीवर नावाची पाटी लावल्यासारखं होईल. व्हीपीएनची जाहिरात पाहून भुलू नका. व्हीपीएन म्हंजे भरवसा एका दुकानातून उचलून दुसऱ्या दुकानात ठेवणं. २०२२ साली केंद्राच्या सर्ट-इननं हुकूम काढला की व्हीपीएनवाल्यांनी गिऱ्हाइकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवावेत. काही मोठ्या कंपन्यांनी त्यावर आपले सर्व्हर भारतातून उचलले. फुकटचं व्हीपीएन तर घेऊच नका. फुकट भाकरी कोण घालतो, आणि कशासाठी, हे आपल्याइतकं कोणाला कळतं?

आता तिसरा. गाव. मला खरं बोलायचंय ते ह्यावर.

२०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका पोराचा फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. त्यावरून त्याला मारून टाकलं. त्याच्या आदल्या वर्षी खर्ड्यात शाळकरी पोराला मारून झाडाला लटकवलं. साक्षीदार फिरले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात आरोपी निर्दोष सुटले. ह्या आपल्याच जिल्ह्यातल्या गोष्टी. तिथं पेगासस लागला नाही. गावाचे कान पुरेसे होते.

आणि साक्षीदार का फिरतो? आपण म्हणतो, भ्याला. माझ्या हातून काय झालं ते सांगतो. एका गावात मारहाणीची चौकशी करायला आम्ही गेलो. एक म्हातारी बोलायला तयार झाली. मी तिचा फोटो काढला, नाव लिहिलं, आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. दोनशेवर माणसं होती त्या ग्रुपात. मला वाटलं, चळवळीचं काम करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात चार जण उभे. फोटो त्यांच्या फोनमध्ये होता. आम्ही पुन्हा गेलो, तर ती म्हणाली, "बाबा, म्या काय बी पाह्यलं नाय. तू जा." आमच्या हातात केस राहिली नाही. तिला मी भित्री म्हणू का? माग तर मीच दाखवला होता. त्या दिवशी येसकर मी झालो.

तेव्हा लिहून घ्या. साक्षीदाराचं नाव, फोटो, गावाचं ठिकाण ग्रुपवर नाही. सिग्नल वापरा, निरोप आपोआप पुसण्याची वेळ लावा. सिग्नलवर आता नंबर न दाखवता वापरनाव देता येतं. व्हॉट्सअॅपचे निरोपही बंद पाकिटातच जातात, पण कोण कोणाशी किती वेळा बोललं ते कंपनीला दिसतं, आणि बॅकअपला वेगळं कुलूप लावावं लागतं. आणि पाकीट कितीही बंद असू द्या, उघडणारे दोनशे असले तर त्याची पत्रावळ होते. अॅप बदलायच्या आधी ग्रुप लहान करा.

कोणी विचारेल, दादा, आपण लपायचं का? महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती चोरून जाळली का? नाही. मंडपासमोर, सगळ्यांदेखत जाळली. आपली घोषणा उघडी, आपलं नाव उघडं, आपला मोर्चा भर रस्त्यानं जाईल. रिंगटोनही तीच वाजेल, मोठ्यानं वाजेल. झाकायचं ते दुसऱ्याचं. साक्ष देणाऱ्या म्हातारीचं, पळून लग्न केलेल्या पोरीचं, निनावी कागद आणून देणाऱ्या कारकुनाचं. स्वतःच्या अंगावर घ्यायला छाती लागते. दुसऱ्याच्या अंगावर येऊ न द्यायला शिस्त लागते. आपल्याकडं छाती आहे. शिस्त शिकूया.

आता फोन काढा. फायरफॉक्स आणि सिग्नल इथंच बसवू. ज्यांच्या फोनला जागा नाही त्यांनी आधी जुने ग्रुप साफ करावेत.

जयभीम.