पंचांचा निकाल आणि प्रेक्षकांचा वाद

बिदर आणि कलबुर्गी हे दोन जिल्हे नकाशावर कर्नाटकात आहेत. तथापि कुस्तीच्या फडाला राज्यांची सीमा फारशी ठाऊक नसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद राज्याची विभागणी झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मराठवाड्याबरोबर त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद हे तालुके म्हैसूर राज्यात आले. कचेऱ्या वेगळ्या झाल्या. सोयरीक, बाजार आणि जत्रा मात्र पूर्वीसारख्याच राहिल्या. मराठी माणूस जिला तालीम म्हणतो, तिला कन्नड माणूस गरडी मने म्हणतो; परंतु कुस्ती हा शब्द दोन्ही भाषांत एकच. म्हणून सोलापुरात किंवा पुण्यात एखादी मोठी कुस्ती झाली की, तिच्या निकालावर आळंदच्या आणि बसवकल्याणच्या चहाच्या हॉटेलांतही वाद रंगतो, आणि तो एकाच भाषेत रंगतो असेही नाही.

जत्रेतील कुस्तीचा निकाल एके काळी फार सोपा होता. सकाळी लहान मुलांच्या कुस्त्या नारळावर लागत. दिवस कलता कलता नामांकित जोड्या मैदानात उतरत आणि शेवटची कुस्ती चांदीच्या कड्यावर होई. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, हा नियम पोरासोरांनाही समजे. दोघांपैकी कोणीच चीत झाला नाही, तर कुस्ती बरोबरीत सुटे. पंच बहुधा गावातलाच एखादा जुना वस्ताद असे. त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. कारण त्याने जे पाहिले, ते भोवतालच्या लोकांनीही पाहिलेले असे. वाद होत नसे असे नव्हे. पण तो फडावर सुरू होऊन बहुधा फडावरच मिटत असे.

स्पर्धेच्या कुस्तीचे शास्त्र याहून गुंतागुंतीचे आहे. तेथे तीन तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती मिळते. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून त्याच्यावर ताबा मिळविला, तर दोन गुण. त्याला उभ्यानेच थेट पाठीवर, म्हणजे धोक्याच्या स्थितीत टाकले, तर चार. रिंगणाबाहेर पाऊल पडले, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण. निकाल देणारेही एक नसून तीन असतात : मैदानावरील पंच, बाजूचा पंच आणि मंचप्रमुख. दोन गुण की चार गुण, हा प्रश्न डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडून गेलेल्या हालचालीवर अवलंबून असतो. गडी आधी कुशीवर पडला की सरळ पाठीवर? येथेच प्रेक्षकाचा आणि पंचाचा संबंध बदलला. पूर्वी दोघे एकच गोष्ट पाहत होते. आता दोघे एकाच क्षणाकडे पाहून दोन वेगवेगळ्या गोष्टी पाहू लागले.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत याचा प्रत्यय आला. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही सोलापूर जिल्ह्याचे. त्यामुळे सीमेलगतच्या गावांना ही घरचीच कुस्ती होती. महेंद्रने बाहेरची टांग लावली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. ते चार की दोन, यावर जो वाद उसळला, तो स्पर्धा संपल्यावरही शमला नाही. तो प्रसंग हजारो लोकांनी आपापल्या भ्रमणध्वनीवर थांबवून थांबवून पाहिला, आणि ज्याला जे पाहायचे होते ते त्याला तेथे दिसले. इतपत ठीक होते. परंतु पंचांना धमकीचा दूरध्वनी गेल्याचे प्रसिद्ध झाले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत पोहोचले. खेळाची चर्चा येथे संपली आणि दुसरेच काही सुरू झाले.

चलचित्र पाहून निकाल देण्याची रीत आली, तेव्हा असे वाद कायमचे मिटतील, अशी आशा जगभर बाळगली गेली होती. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबान येथील कसोटी सामन्यात सचिन तेंडुलकर हा तिसऱ्या पंचाने चलचित्र पाहून बाद ठरविलेला पहिला फलंदाज झाला. पुढे २००८ मध्ये भारत आणि श्रीलंका यांच्या मालिकेत खेळाडूंना फेरतपासणी मागण्याचा अधिकार प्रथम देऊन पाहण्यात आला. एवढी यंत्रे आली, तरी पायचीतच्या निर्णयात चेंडू यष्टीला जेमतेम लागतो असे दिसले, तर मैदानावरील पंचाचाच मूळ निर्णय कायम राहतो. यंत्रानेही शेवटचा थोडा भाग माणसाकडे सोपविला आहे.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचे वेड आपल्याकडील क्रिकेटच्या वेडाहून कमी नाही. त्या खेळात चेंडू ठराविक अंतर पुढे नेण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. ६ ऑक्टोबर १९९० रोजी कोलोरॅडो आणि मिसुरी या विद्यापीठांच्या सामन्यात पंचांची मोजणी चुकली. कोलोरॅडोला पाचवा प्रयत्न मिळाला आणि त्याच प्रयत्नात त्याने ३३-३१ असा सामना जिंकला. चूक उघड होती. पंचांना निलंबित करण्यात आले. पण निकाल बदलला नाही. तेथील प्रेक्षक आजही त्या सामन्यावर वाद घालतात. वादाचे आयुष्य निकालाहून मोठे असते, हे याचे तात्पर्य.

मग फेरतपासणीचा उपयोग तरी काय? याचे उत्तर खाशाबा जाधवांच्या कथेत सापडते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेत एक दीर्घ कुस्ती संपताच, नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती न देता, त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलाविण्यात आले आणि हरकत घेण्यासाठी त्यांच्या बाजूने तेथे कोणीही जबाबदार अधिकारी हजर नव्हता, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. चित्रफितीचा तेथे प्रश्नच नव्हता. उणीव होती ती वेळेवर तक्रार ऐकणाऱ्या माणसाची. फेरतपासणीचे खरे मोल पडद्यावरील चित्रात नसून, खेळाडूचे म्हणणे निकालाआधी कोणीतरी ऐकून घेते, या गोष्टीत आहे.

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हाच विचार दिसतो. मार्गदर्शकाला एखादा गुण मान्य नसेल, तर तो मैदानात एक मऊ वस्तू टाकून फेरतपासणी मागतो. ती फसली, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि पुन्हा मागण्याचा हक्क जातो. हक्क आहे, पण त्याला किंमतही आहे. उठल्यासुटल्या हरकत घेणाऱ्याला आळा बसतो आणि खरोखर अन्याय झाला असे वाटणाऱ्याला दार उघडे राहते.

हे दार बंद झाल्यासारखे वाटले की काय होते, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे दिसले. गादी विभागाच्या अखेरच्या कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकले नव्हते, चित्रण पाहावे, अशी राक्षेची मागणी होती. ती मान्य झाली नाही, आणि संतापाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड निर्णयावर नाराज होऊन मैदान सोडून गेला. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे व गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर करण्यात आली. मल्लाच्या उमेदीची वर्षे किती थोडी असतात, हे ज्याने तालमीत पहाटे जोर काढणारी पोरे पाहिली आहेत त्याला सांगावे लागत नाही. पंचावर उगारलेला पाय क्षम्य नाही. परंतु मल्लाची मागणी ऐकून, चित्रण पाहून आणि कारण सांगून तोच निकाल दिला गेला असता, तर राक्षेचा पराभव पराभवच राहिला असता, त्याचे प्रकरण झाले नसते.

सीमाभागातील प्रेक्षकाला वाद नवा नाही. बाराव्या शतकात बसवेश्वर मंगळवेढ्याहून ज्या कल्याणास आले, तेथील अनुभवमंटपात निरनिराळ्या जातींची व व्यवसायांची माणसे एकत्र बसून प्रश्नोत्तरे करीत, अशी परंपरा सांगते. तेथे प्रश्न कोणालाही विचारता येई. मात्र उत्तर ऐकून घेण्याची तयारी प्रत्येकाला ठेवावी लागे. कुस्तीच्या वादालाही हाच दंडक लागू पडतो. गडी कुशीवर पडला की पाठीवर, हे अवश्य विचारावे. तो कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेचा, हा प्रश्न त्या वादात येताच कुस्ती बाजूला पडते. पंचाची चूक दाखविणे हा प्रेक्षकाचा अधिकार आहे. पंचाला घरी सुखरूप जाऊ देणे हे त्याचे कर्तव्य आहे.

पुढच्या जत्रेतही एखादा निकाल वादग्रस्त ठरेल. शंभर माणसे शंभर भ्रमणध्वनींवर तो पुनःपुन्हा पाहतील आणि तरीही एकमत होणार नाही. त्यात खंत करण्यासारखे काही नाही. खंत तेव्हा करावी, जेव्हा फेटा बांधून पंचाच्या जागी उभे राहण्यास गावातला एकही जुना वस्ताद तयार होणार नाही.