जुन्या कॉम्प्युटरची जॉयस्टिक चालत नाही? आधी मीटर, मग पोर्ट



मी लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त झालो आणि आता महूला स्थायिक आहे. नोकरीत बिघडलेल्या सेटमधला दोष शोधायचो, आता तेच काम जुन्या होम कॉम्प्युटरवर करतो. आजचा विषय किरकोळ वाटेल: १९८०च्या दशकातल्या कॉम्प्युटरला जॉयस्टिक लावली आणि ती चालली नाही, तर काय करायचं?

किरकोळ का नाही, ते सांगतो. इंदूरचे एक निवृत्त बँक अधिकारी माझ्याकडे कमोडोर ६४ घेऊन आले. त्यांच्या थोरल्या भावाने परदेशातून आणलेलं मशीन. भाऊ आता हयात नाहीत. नातवाने माळ्यावरून काढलं, टीव्हीला जोडलं, निळा पडदा आला, घरात आनंदीआनंद झाला. मग त्याने एका स्वस्त व्हिडिओ गेमचा पॅड त्यात खोचला. प्लग अगदी नेमका बसला. गेम चालला नाहीच, वर कीबोर्डच्या निम्म्या कळा मेल्या.

मंडळी, सगळा घोळ या ‘नेमका बसला’मध्ये आहे. प्लग बसला म्हणजे जमलं, असं नसतं.

अटारीने १९७७ साली आपल्या गेम मशीनसाठी नऊ पिनांचा, डी आकाराचा प्लग घेतला. ती जॉयस्टिक म्हणजे निव्वळ पाच स्विच. पिन १ वर, २ खाली, ३ डावीकडे, ४ उजवीकडे, ६ फायर आणि ८ सगळ्यांची सामाईक ग्राउंड. दांडी वर ढकलली की १ आणि ८ जोडल्या जातात, बस्स. पिन ७वर मशीनकडून ५ व्होल्ट येतात, पण साध्या जॉयस्टिकला त्यांची गरज नसते. ऑटोफायरवाल्या जॉयस्टिकला असते.

ही रचना कमोडोर ६४ आणि अमिगाने जवळपास जशीच्या तशी उचलली. पुढे तोच प्लग इतरांनीही घेतला, पण वायरिंग आपापली ठेवली. सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या पॅडला ५ व्होल्ट लागतात पिन ५वर, आणि पिन ७ त्याला वेगळ्याच कामाला हवी असते. शिवाय त्याच्या आत चिप असते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ म्हणून जे सेट घरोघरी आले, त्यांतल्या बऱ्याच पॅडना हाच नऊ पिनांचा प्लग आहे. त्यांच्या आतही चिप असते आणि ती बटणांची माहिती एकामागून एक, रांगेने पाठवते. कमोडोरला ती कळत नाही, आणि नको त्या पिनवर वीज गेली तर नुकसान होतं.

नुकसान कशाचं? कमोडोर ६४मध्ये ६५२६ नावाच्या दोन चिप आहेत. त्यांतली एक जॉयस्टिक वाचते, आणि तीच कीबोर्डही वाचते. म्हणून त्या काकांच्या मशीनच्या कळा गेल्या. त्या बोर्डावर दोन्ही चिप सॉकेटमध्ये होत्या, म्हणून आम्ही त्यांची अदलाबदल केली. कीबोर्ड परत आला आणि डिस्क ड्राइव्ह बंद पडला, कारण ड्राइव्हचं काम दुसऱ्या चिपकडे असतं. दोष पक्का झाला. पण कमोडोर कंपनी १९९४ साली बुडाली. ती चिप आता बहुतेकदा दुसऱ्या एखाद्या मेलेल्या मशीनमधून काढावी लागते.

म्हणून माझा क्रम असा आहे. आधी मीटर, मग पोर्ट, मग सॉफ्टवेअर.

पहिली पायरी मीटर. साधा मल्टिमीटर घ्या आणि बीपवर ठेवा. जॉयस्टिक मशीनला लावायची नाही, प्लग हातात धरायचा. पाच भोकांची ओळ वर ठेवून समोरून पाहिलं, तर वरच्या ओळीत उजवीकडून १ ते ५ आणि खालच्या ओळीत उजवीकडून ६ ते ९. एक टोक ८मध्ये, दुसरं आळीपाळीने १, २, ३, ४ आणि ६मध्ये. दांडी हलवा, बटण दाबा.

दाबल्यावरच बीप आली आणि सोडल्यावर थांबली, तर स्विच ठीक आहेत. न दाबता बीप येत असेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. एकाच दिशेला बीप नसेल तर संपर्क मळला आहे किंवा वायर तुटली आहे. वायर बहुतेक वेळा प्लगपाशी किंवा डब्यातून बाहेर पडते तिथे तुटते. मळलेला संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने स्वच्छ होतो. बीप भलत्याच पिनांवर मिळत असेल, तर स्विच आहेत पण वायरिंग वेगळी आहे. त्याला अ‍ॅडॉप्टर हवा. आणि कुठेच नीट बीप नसेल, तर आत चिप आहे असं समजा आणि तो पॅड लावू नका. ही पाच मिनिटं त्या नातवाने दिली असती, तर चिप वाचली असती.

दुसरी पायरी पोर्ट. प्लग लावताना आणि काढताना मशीन बंद हवं. उत्तरेकडच्या कोरड्या थंडीत पोर्टच्या उघड्या पिनांना बोट लावू नका. स्वेटरमधल्या स्थिर विजेचा एक चटका त्याच ६५२६ला पुरेसा आहे. कमोडोरला दोन पोर्ट आहेत. बरेच गेम पोर्ट २ वापरतात. पोर्ट १मध्ये लावून दांडी हलवली तर पडद्यावर भलतीच अक्षरं उमटतात, कारण कीबोर्डही त्याच तारांवर आहे. तो बिघाड नव्हे. खात्री करायला बेसिकमध्ये दोन ओळी लिहा: १० प्रिंट पीक, कंसात ५६३२०, २० गोटू १०. पोर्ट २ शांत असेल तर १२७ दिसतं. वर केलं की १२६, खाली १२५, डावीकडे १२३, उजवीकडे ११९ आणि फायरला १११. हे आकडे आले की हार्डवेअर निर्दोष. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय ९९/४ए वर आणखी एक गंमत आहे. अल्फा लॉक दाबलेला असेल तर दांडी वर जात नाही. कळ सोडवली की झालं.

तिसरी पायरी सॉफ्टवेअर, आणि इथे झेडएक्स स्पेक्ट्रमचं उदाहरण घेऊ. भारतात डेसिबेल्सने त्याची ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ ही आवृत्ती विकली, त्यामुळे आपल्या घरांत तो अजून सापडतो. त्याला जॉयस्टिकचं पोर्टच नव्हतं. मागे इंटरफेस लावावा लागे, आणि त्याचे तीन प्रकार रूढ झाले. केम्पस्टन पोर्ट ३१वरून वाचला जातो. सिंक्लेअरचा इंटरफेस २ दांडीची हालचाल १ ते ५ किंवा ६ ते ० या कळांमध्ये बदलतो. कर्सर प्रकार ५, ६, ७, ८ या बाणांच्या कळा वापरतो. गेमच्या मेनूत चुकीचा प्रकार निवडला, तर उत्तम जॉयस्टिकही मेलेली वाटते. आणि इंटरफेस नसताना केम्पस्टन निवडलं, तर खेळाडू आपोआप कुठेही पळत सुटू शकतो. तपासायला प्रिंट इन ३१. उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, फायर १६. पुढे १९८६च्या प्लस टू मॉडेलला पोर्ट मिळाले, प्लग तोच नऊ पिनांचा, पण आतली वायरिंग बदललेली. तिथे अटारी पद्धतीची जॉयस्टिक थेट चालत नाही.

शाळेत शिकवलेल्यांसाठी एक शेवटचं. १९८४च्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. त्याचं पोर्ट पंधरा पिनांचं. जुन्या पीसीच्या जॉयस्टिकचा प्लगही पंधरा पिनांचा, म्हणून लोक तो खोचतात. पण बीबीसी व्होल्टेज मोजतो आणि पीसी रेझिस्टन्स. प्लग एक, हिशेब दोन. बीबीसीसाठी बनवलेलीच जॉयस्टिक शोधा.

ही मशीन मौल्यवान आहेत असं भंगारवाला सांगणार नाही. दुकानदार म्हणेल, ‘हे बंद पडलंय, टाकून द्या.’ ज्यांनी यावर पहिला प्रोग्रॅम लिहिला, त्यांतले कित्येक आता सत्तरीत आहेत आणि काही गेले. त्यांच्या हातची कॅसेट त्या डब्यात असेल, तर ती चालवणारं मशीन हेच. तेव्हा माळ्यावर असं काही सापडलं तर घाई करू नका. मीटर घ्या, पिना मोजा, आकडे कागदावर लिहा. मशीनचं नाव आणि मीटरची नोंद मला कळवा, पुढच्या भागात आपण ती एकेक करून घेऊ.