पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेला पाहुणा

जून-जुलैत समुद्र खवळला की कोकणच्या किनाऱ्यावर कधी कधी एखादा मोठा, अनोळखी पक्षी वाळूवर बसलेला दिसतो. माणूस जवळ गेला तरी उडत नाही. हा बहुधा मास्क्ड बूबी किंवा शिअरवॉटर असतो. हे खोल समुद्रातले पक्षी. वादळी वाऱ्याशी झुंजून थकले, की किनाऱ्याला येऊन पडतात.

आपली माणसं मायाळू. ‘समुद्राचा पक्षी समुद्रात’ म्हणून त्याला पुन्हा लाटांत सोडतात. पण दमलेला, भिजलेला पक्षी तिथे बुडतो. कुणी चावेल म्हणून चोच दोरीने बांधतात. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात. तो चोचीच्या कडेनेच श्वास घेतो. उंचावरून पाण्यात सूर मारणाऱ्या पक्ष्याला ही सोयच आहे. पण चोच बांधली, की तो गुदमरतो.

मग करायचं काय? कुत्री, गर्दी दूर ठेवा. टॉवेल टाकून त्याला अलगद उचला. चोचीपासून डोळे सांभाळा. भोकं पाडलेल्या खोक्यात, शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, मासा कोंबू नका. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.

पक्षी मेलेला असला, तरी जागा आणि तारीख लिहून ठेवा, फोटो काढा. पायात कडं असेल तर त्यावरचा क्रमांक उतरवून घ्या. या पक्ष्यांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं पुष्कळसं अशाच नोंदींतून जमलं आहे.